जिफ धारदार आणि सुरळीत कशी करायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषद शाळेतले मास्तर, ई-सेवा केंद्र चालवणारी पोरं, कृषी केंद्रवाले, पोळ्याच्या शुभेच्छा घरीच बनवणारे हौशी, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे विचारणाऱ्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. उत्तराचा काही भाग दुसरीकडे असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जिफ म्हणजे छोटा व्हिडिओच ना? मग व्हिडिओसारखी साफ का दिसत नाही?

व्हिडिओ नव्हे. जिफ म्हणजे एकामागे एक दाखवल्या जाणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, गड्डी. कॉम्प्युसर्व्ह कंपनीने हा प्रकार १९८७ मध्ये आणला. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत दोन चित्रांमधला वेळ आणि पारदर्शकता यांची सोय झाली. मर्यादा मात्र त्या काळातल्याच राहिल्या: एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग, आवाज नाही, आणि वेळ फक्त सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजायचा.

मुख्य फरक साठवणीत आहे. बैल डावीकडून उजवीकडे सरकला, हे व्हिडिओला थोडक्यात लिहून ठेवता येतं. जिफला सरकणं समजत नाही, तिला बदललेला प्रत्येक पिक्सेल (चित्राचा ठिपका) नव्याने लिहावा लागतो. म्हणून जिफमध्ये बदल महाग आणि स्थिरता फुकट. खालची बरीचशी उत्तरं याच हिशोबातून निघतात.

२. जिफ म्हणायचं की गिफ?

हा प्रकार तयार करणारे स्टीव्ह विल्हाइट 'जिफ' म्हणत. गिफ म्हटलं तरी फाइल तीच उघडते.

३. काय काय लागतं? कॉम्प्युटर नसला तर जमेल का?

जमेल. मोबाईलवर व्हिडिओ काढा, गॅलरीतच कापून तीन-चार सेकंदांचा करा आणि ईझीजिफ या संकेतस्थळावर चढवून जिफ बनवा. आधी कापणं विसरू नका. गावात रेंजची बोंब असते, मिनिटभराचा व्हिडिओ चढता चढता अर्ध्यात तुटतो आणि त्यातले तीनच सेकंद तुम्हाला हवे असतात.

कॉम्प्युटर असेल तर गिम्प हे चित्रं सुधारायचं सॉफ्टवेअर घ्या. ते मोफत आहे आणि प्रत्येक फ्रेमवर हात फिरवू देतं. पडद्यावरचं काम दाखवायचं असेल, तर विंडोजसाठी स्क्रीनटूजिफ हेही मोफतच आहे. फोटोशॉप असलं तर उत्तम, पण त्यासाठी अडून बसू नका.

४. किती सेकंदांची, केवढी आणि किती फ्रेमची करायची?

सुरुवातीला हे धरा: दोन ते चार सेकंद, ४८० पिक्सेल रुंदी, सेकंदाला १० ते २० फ्रेम.

हिशोब असा. ४८० बाय २७० म्हणजे १,२९,६०० पिक्सेल. सेकंदाला साडेबारा फ्रेमप्रमाणे चार सेकंदांच्या ५० फ्रेम होतात. दर पिक्सेलला एक बाइट धरली, तर दाबण्याआधीच सुमारे ६५ लाख बाइट, म्हणजे साडेसहा एमबी. रुंदी ६४० केली की हाच आकडा साडेअकरा एमबीवर जातो. रुंदी थोडीशीच वाढली, असं वाटतं, पण उंचीही तिच्या मागे वाढते.

आकार कमी करताना मूळ व्हिडिओचा पूर्ण भाग पडेल असाच आकडा घ्या. १९२० बाय १०८० चा व्हिडिओ ४८० बाय २७० केला की बरोबर पाव होतो, ६४० बाय ३६० केला की एक तृतीयांश. उभ्या व्हिडिओसाठी २७० बाय ४८० किंवा ३६० बाय ६४०. ५०० सारख्या गोल आकड्याने बारीक रेषा कुठे जाड, कुठे पुसट होतात.

५. व्हिडिओ तर मस्त दिसते, जिफ केली का सारं भुरकट होते. काऊन?

बहुतेक वेळा चूक चित्रणातच असते. व्हिडिओत ती झाकली जाते, जिफमध्ये उघडी पडते.

पहिलं पाहायचं ते पाठीमागचं दृश्य. कपाशीच्या वावरात उभं राहून डवरणी दाखवायची म्हटली, तर वाऱ्याने मागची पऱ्हाटी सतत हलते. हजारो पानं, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी. रंगांची आणि बाइटींची सगळी पुंजी त्या पानांवर उडते, डवऱ्याच्या पासेला (पात्याला) काही उरत नाही. तेच चित्रण कॅमेरा खाली आणून, मागे फक्त काळी माती येईल असं करा, फरक लगेच दिसेल. फवारणी पंपाचं नोझल किंवा कामगंध सापळ्यातली गोळी बदलणं अशी हातातली कामं सारवलेल्या भिंतीसमोर किंवा ताणून बांधलेल्या ताडपत्रीसमोर करा.

दुसरं, मोबाईल हलता कामा नये. हातात धरलेला मोबाईल पाव मिलिमीटर हलला तरी सगळं चित्र हलतं आणि स्थिर भिंतही 'बदल' ठरते. ट्रायपॉड नसेल तर डब्यात तूर किंवा ज्वारी भरा आणि मोबाईल दाण्यांत रोवा. हवा तो कोन मिळतो आणि दाणे धरून ठेवतात.

तिसरं, फोकस आणि उजेड पक्के करा. पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाईलवर दोन्ही कुलूपबंद होतात. नाहीतर पांढऱ्या सदऱ्याचा माणूस चौकटीत आला की मोबाईल सगळं चित्र काळवंडवतो, गेला की पुन्हा उजळवतो.

अंधारातलं चित्रण टाळाच. कमी उजेडात जे बारीक रवाळ कण दिसतात ते प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतात. आणि लेन्स पुसा. हे सांगायची लाज वाटते, पण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

६. जिफ झटके देत चालते. फ्रेम वाढवल्या तरी तसंच.

फ्रेम किती यापेक्षा त्या सारख्या अंतराने निवडल्या का, हे पाहा. मोबाईल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम घेतो. त्यातून २० हव्या म्हटल्या, तर सॉफ्टवेअर दोन ठेवतं, एक टाकतं, पुन्हा दोन ठेवतं. बंडीचं चाक मग एक पाऊल नेहमीसारखं फिरतं आणि दुसऱ्याला दुप्पट उडी मारतं.

शिवाय जिफमध्ये वेळ शंभराव्या भागांतच लिहिता येतो. ४ लिहिलं की सेकंदाला २५ फ्रेम, ५ ला २०, ८ ला साडेबारा, १० ला १०. सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम जिफमध्ये बसतच नाहीत, कारण त्यासाठी ३.३३ लिहावं लागेल. नेमक्या १५ साठीही ६.६७ लागतं. त्यामुळे ३० फ्रेमच्या व्हिडिओतून एकाआड एक फ्रेम घेतली असेल, तर सगळ्यांना ७ द्या. वेग पाच टक्के मंदावतो, ते कुणाच्या लक्षात येत नाही. झटका मात्र लगेच येतो.

सगळ्यात चोख जोडी अशी: मोबाईल सेकंदाला ६० फ्रेमवर लावा, दर तिसरी फ्रेम घ्या, वेळ ५ ठेवा. ६० भागिले ३ म्हणजे २०, आणि २० साठी नेमके ५. कुठे तुकडा उरत नाही.

यानंतरही हालचाल तुटक वाटली, तर ऊन तपासा. मे महिन्याच्या दुपारी मोबाईलचा शटर अत्यंत जलद उघडझाप करतो, प्रत्येक फ्रेम गोठल्यासारखी टोकदार येते आणि कमी फ्रेममध्ये ती टोचते. सकाळच्या उजेडात किंवा सावलीत हलणारी वस्तू किंचित पुसट येते, डोळ्याला ती सलग वाटते. धार स्थिर भागाला हवी, फिरत्या चाकाला नको.

७. वेळ १ दिली तर जिफ सर्वात वेगात चालायला हवी. उलट रांगायला लागली!

ब्राउझर ० किंवा १ ही वेळ मानत नाहीत, तिच्याऐवजी १० धरतात, म्हणजे सेकंदाला १० फ्रेम. २ च्या खाली जाऊ नका. आणखी वेग हवा असेल, तर मधल्या फ्रेम काढा.

८. आभाळात रंगांचे पट्टे पडतात. काय करू?

संध्याकाळच्या आभाळात निळ्यापासून केशरीपर्यंत शेकडो छटा असतात आणि जिफकडे सगळ्या चित्राला मिळून २५६ रंग. छटा संपल्या की पायऱ्या दिसतात. उपाय म्हणजे डिथरिंग: दोन उपलब्ध रंगांचे ठिपके असे मिसळायचे की लांबून मधली छटा भासावी. गिम्पमध्ये इमेज → मोड → इंडेक्स्ड मध्ये ते मिळतं, फोटोशॉपमध्ये 'सेव्ह फॉर वेब' च्या खिडकीत.

डिथरिंग फुकट नाही. जिफची दाबण्याची पद्धत चित्र डावीकडून उजवीकडे, ओळीओळीने वाचते आणि सारख्या रंगाच्या लांब पट्ट्या थोडक्यात लिहिते. डिथरिंगने त्या पट्ट्यांची रांगोळी होते आणि फाइल फुगते. म्हणून आधी विचारा, आभाळ हवंच आहे का? चौकट कापून ते बाहेर काढलं, तर वाचलेले रंग मुख्य वस्तूला, समजा संत्र्याच्या सालीला, मिळतात.

९. डिथरिंग केलं, आता सगळ्या चित्रावर मुंग्या वळवळतात.

तुम्ही फ्लॉइड-स्टाइनबर्ग निवडलं असणार. एकट्या चित्राला ते सुंदर, पण त्यात प्रत्येक पिक्सेलची चूक शेजारच्यांवर ढकलली जाते. वरच्या कोपऱ्यात जरा काही बदललं की खालच्या सगळ्या ठिपक्यांची मांडणी बदलते. ठिपके जाळीसारखे जागच्या जागी ठेवणारा प्रकार घ्या. गिम्पमध्ये त्याचं नाव 'पोझिशन्ड', फोटोशॉपमध्ये 'पॅटर्न'. जाळी थोडी दिसते, पण हलत नाही, आणि फाइलही लहान राहते.

१०. मराठी अक्षरं फाटतात, शिरोरेखा गायब होते.

अक्षरं आधी मोठ्या व्हिडिओवर टाकून मग चित्र लहान केलं, की असं होतं. पाचपट-सहापट दाबल्यावर शिरोरेखा एका पिक्सेलपेक्षा बारीक होते आणि करड्या रेघेत विरते. क्रम असा ठेवा: आधी चौकट कापा, मग अंतिम आकार करा, मग हलकी धार द्या, त्यानंतर अक्षरं लिहा आणि २५६ रंगांत उतरवणं शेवटी.

४८० रुंदीच्या जिफमध्ये अक्षर २४ पिक्सेलपेक्षा लहान नको, आणि शिरोरेखा किमान दोन पिक्सेल जाड हवी. मुक्ता किंवा बालू या टंकांचे ठळक प्रकार चालतात. पांढरं अक्षर आणि भोवती दोन पिक्सेलची गडद कड हे कुठल्याही पार्श्वभूमीवर वाचता येतं. ओळीच्या वर जागा सोडा, नाहीतर 'पर्यंत' मधला रफार आणि अनुस्वार कापला जातो. अक्षरं हलवू नका, उभी राहू द्या.

जुन्या फोटोशॉपमध्ये 'किती' मधली वेलांटी भलतीकडे पडत असेल किंवा जोडाक्षरं सुटत असतील, तर प्रेफरन्सेस → टाइप मध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा.

११. पार्श्वभूमी काढलेल्या बैलाभोवती पांढरी कड का दिसते?

जिफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो किंवा अजिबात नाही, अर्धा पारदर्शक चालत नाही. बैलाच्या शिंगाची मऊ कड अर्धपारदर्शक असते, ती पांढऱ्यात मिसळून पक्की होते. जिफ ज्या रंगावर ठेवणार आहात तोच रंग आधी द्या: फोटोशॉपमध्ये 'मॅट' च्या जागी, गिम्पमध्ये 'सेमी-फ्लॅटन' फिल्टर वापरून. कुठल्या रंगावर जाणार हे ठाऊकच नसेल, तर पारदर्शकता सोडा आणि साधी चौकोनी पार्श्वभूमी ठेवा.

१२. फाइल १५ एमबीची झाली. घाण न होता कमी कशी करू?

याच क्रमाने कापा. आधी सुरुवातीचे-शेवटचे निकामी क्षण. मग चौकटीच्या कडा. मग रुंदी. मग फ्रेम, पण सारख्या अंतराने (प्रश्न ६). रंग सर्वात शेवटी: २५६ वरून १२८ वर आलात तरी बहुधा कळत नाही, ६४ वर माणसांचे चेहरे ठिगळं लावल्यासारखे दिसतात.

एवढ्यावर भागलं नाही तर ईझीजिफच्या 'ऑप्टिमाइझ' मध्ये 'लॉसी जिफ' वापरा. ३० ते ४० पर्यंतचा आकडा सहसा निभावतो, १०० च्या पुढे पाऊस पडल्यासारख्या आडव्या रेघा येतात.

एक युक्ती फार कमी लोक वापरतात. एखादं चित्र सेकंदभर थांबवायचं असेल, तर तीच फ्रेम दहा वेळा ठेवू नका, एकाच फ्रेमची वेळ १०० करा. थांबण्याला बाइट लागत नाहीत.

१३. शेवटून सुरुवातीला येताना जिफ उडी मारते.

सुरुवात आणि शेवट सारखा दिसेल असा क्षण शोधा. रहाटाचं किंवा कडबा कुट्टीचं चाक फिरत असेल, तर एका आऱ्याला खूण धरा आणि तो त्याच जागी आला की कापा. शेवटची फ्रेम पहिलीची हुबेहूब नक्कल असेल तर ती काढून टाका, दोन सारख्या फ्रेम सलग आल्या की चाक अडखळतं.

पुढे जाऊन उलटं मागे आणणं हा सोपा मार्ग, पण तो झोक्याला शोभतो, पाण्याच्या धारेला नाही. पंपाची धार उलटी पाईपात शिरताना पाहून हसू येतं. पाणी, धूर, धूळ यांसाठी शेवटच्या पाच-सहा फ्रेम पहिल्या पाच-सहांवर विरघळवा.

१४. जिफ एकदाच चालून थांबते.

साठवताना 'लूप फॉरएव्हर' ची खूण करायची राहून गेली आहे. गिम्पमध्ये तिच्या आधी 'ॲज ॲनिमेशन' चीही खूण लागते, नाहीतर एकच चित्र निघतं.

१५. ट्यूबलाइटखाली काढलं तर चित्रावरून काळे पट्टे सरकतात.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'अँटी-फ्लिकर' असेल तर ५० हर्ट्झ निवडा. प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० फ्रेमवर चित्रण असेल, तर १/५० बसतच नाही, तिथे १/१०० च घ्या. स्वस्तातल्या काही एलईडी बल्बांपुढे हेही चालत नाही, मग दिवसा दाराजवळ काढा.

१६. व्हिडिओ नाही, फोटोंवरूनच करायची आहे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल चालवता येईल?

येईल, आणि शिकायला याहून चांगलं काम नाही. मागची भिंत स्थिर, बैल तेवढा हलतो, म्हणजे जिफच्या अगदी मनासारखं.

बैल छपरीत पाटावर ठेवा. अंगणात नको, कारण ढग आला-गेला की सगळ्या फोटोंचा उजेड बदलतो. पाटाच्या पुढच्या कडेला, चौकटीबाहेर, मोजपट्टी चिकटवा. मोबाईल दाण्यांच्या डब्यात (प्रश्न ५), फोकस-उजेड कुलूपबंद. पडद्यावर बोट मारून फोटो काढू नका, मोबाईल हलतो. इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने किंवा टायमरने काढा.

२५ फोटो काढा. पहिल्या तीन वेळा बैल अर्धा, एक, दीड सेंटिमीटर सरकवा, मग दर फोटोला दोन, आणि शेवटच्या तीन वेळा पुन्हा दीड, एक, अर्धा. निघताना आणि थांबताना वेग असा बदलला की बैलाला वजन आल्यासारखं वाटतं. सुरुवातीपासून सारखाच सरकवला तर तो दोरीने ओढलेला दिसतो. चाकावर खडूचा ठिपका द्या, चाक घसरत नेलंत की फिरवत, ते लगेच कळेल. दर फोटोला तुम्ही एकाच जागी उभे राहा, कारण तुमची सावलीही फोटोत असते.

गिम्पमध्ये फाइल → ओपन ॲज लेयर्स ने सगळे फोटो एकदम उघडा. सर्वात खालचा थर ही पहिली फ्रेम, इथे बरेच जण फसतात आणि बैल उलटा चालतो. साठवताना फ्रेमची वेळ ८० मिलिसेकंद (म्हणजे शंभराव्या भागांत ८) द्या, दोन सेकंदांची जिफ होईल. शेवटच्या फ्रेमच्या थराच्या नावापुढे कंसात ६०० आणि त्याला चिकटून मिलिसेकंदाची दोन इंग्रजी अक्षरं लिहिली, की बैल तोरणाखाली क्षणभर थांबतो.

१७. आधीच्या फ्रेमची भुतं मागे राहतात.

फ्रेम एकमेकींवर रचल्या जात आहेत. पारदर्शक चित्रांत प्रत्येक फ्रेमने आधीची पुसायला हवी, त्यासाठी गिम्पमध्ये साठवताना 'रिप्लेस' चा पर्याय निवडा. भरीव पार्श्वभूमीच्या जिफला मात्र 'कंबाइन' बरं, कारण तिथे फक्त बदललेला भाग साठवून जागा वाचवता येते.

उतरवून घेतलेली जिफ उघडली आणि फ्रेममध्ये भोकं दिसली, तर फाइल बिघडलेली नाही. ती अशीच तुकड्यांत साठवलेली असते. गिम्पमध्ये फिल्टर्स → ॲनिमेशन → अनऑप्टिमाइझ करा, मग हात लावा.

१८. ई-पीक पाहणी कशी भरायची, ते पडद्यावरून जिफ करून दाखवायचं आहे.

अँड्रॉइड ११ पासून मोबाईलमध्येच स्क्रीन रेकॉर्डर आहे. पडदा लहान करून भुरकट करण्यापेक्षा जिथे बोट लावायचं तेवढाच भाग कापा. डिथरिंग बंद ठेवा आणि रंग ३२ किंवा ६४ करा, सपाट रंगांच्या पडद्याला तेवढे पुरतात. सेकंदाला ८-१० फ्रेम खूप झाल्या, पण प्रत्येक टप्प्यावर दीड-दोन सेकंद थांबा (युक्ती प्रश्न १२ मध्ये). आठवा टप्पा आला की दोन जिफ करा.

आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक, गट क्रमांक दिसत असेल तर त्यावर भरीव चौकोन टाका, आणि तो प्रत्येक फ्रेमवर आहे का, हे एकेक फ्रेम पाहून तपासा. एका फ्रेममध्ये सुटलेला आकडा कुणीही थांबवून वाचू शकतो.

१९. व्हॉट्सॲपवर पाठवली की खराब होते. इतकी मेहनत केली ती कुठे गेली?

व्हॉट्सॲप जिफ फाइलचा बिनआवाजाचा व्हिडिओ करून पाठवतं. २५६ रंगांत उतरवलेलं चित्र पुन्हा व्हिडिओत दाबलं जातं, म्हणजे दुहेरी मार, आणि डिथरिंगचे ठिपके तर चिखलच होतात. फक्त व्हॉट्सॲपसाठीच करायची असेल, तर मुळात जिफ बनवूच नका. सहा सेकंदांच्या आतला व्हिडिओ निवडा, पाठवण्याआधी कापण्याच्या पट्टीजवळ जिफचं बटण दिसतं, ते दाबा. मूळ फाइल जशीच्या तशी पोचवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, समोरच्याला ती उघडावी लागेल एवढंच.

२०. जुनी छोटी जिफ मोठी करता येते का?

फोटो-व्हिडिओवरून केलेली असेल तर नाही, नसलेला तपशील येणार कुठून? मूळ व्हिडिओ शोधा. ठिपक्याठिपक्यांनी काढलेलं चित्र मात्र मोठं होतं: बरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट करा आणि आकार बदलण्याच्या खिडकीत इंटरपोलेशन 'नन' ठेवा. दीडपट केलंत तर काही ठिपके जाड, काही बारीक होतात.

२१. वेबपी, एपीएनजी बरे म्हणतात. मग जिफ कशाला?

हे हलत्या चित्रांचेच दुसरे प्रकार. दिसण्यात दोन्ही सरस आहेत. २५६ रंगांची अट नाही, अर्धपारदर्शक कडा चालतात, प्रश्न ११ उद्भवतच नाही. स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायचं असेल तर वेबपी घ्या, तीन सेकंदांहून लांब काही असेल तर सरळ एमपी४ व्हिडिओ. पण शाळेतला जुना कॉम्प्युटर, सादरीकरणाचं सॉफ्टवेअर, ग्रामपंचायतीतला टीव्ही, असं कुठे कुठे उघडावं लागणार असेल, तर जिफ ठेवा. मूळ व्हिडिओ आणि अक्षरांची गिम्प फाइल मात्र पुसू नका. पुढच्या वर्षीच्या पोळ्याला नुसती तारीख बदलायची असली, तरी ती जिफमध्ये बदलता येणार नाही.